स्कूबा डायव्हिंग करताना घसा कोरडा का पडतो आणि पाणी नेमकं कधी प्यायचं?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

नव्याने स्कूबा शिकणाऱ्यांकडून एक तक्रार हटकून ऐकू येते. पाण्याखाली जाऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की जीभ टाळूला चिकटते, घसा खरवडल्यासारखा होतो, मग खोकल्याची उबळ येते आणि त्या उबळीचीच धास्ती बसते. बोटीवर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: पाणी कमी पडलं, भरपूर पी. मग माणूस उडी मारण्याआधी अर्धा-पाऊण लिटर पाणी घटाघटा पितो. घसा तरीही कोरडा पडतो, वर लघवीची घाई होते ती वेगळीच.

इथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते असं माझं मत आहे. घशाचा कोरडेपणा त्या जागेपुरता असतो. अंगातलं पाणी कमी होणं ही साऱ्या शरीराची बाब आहे. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून हा धागा.

आधी घसा. सिलिंडरमधली हवा मुद्दाम कोरडी केलेली असते. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली गेली की तिच्यातली बरीचशी वाफ पाणी होऊन बाहेर काढली जाते, उरलेली फिल्टरमधलं शोषक घेतं. हे करावंच लागतं. ओलसर हवा भरली तर पोलादी सिलिंडर आतून गंजतो, अ‍ॅल्युमिनियमचाही आतून खराब होतो. शिवाय फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे श्वास पुरवणाऱ्या रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडलेल्या भागात, २०० बारची (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) हवा एकदम १० बारच्या आसपास उतरते तेव्हा ती खूप गार होते, त्या ओलाव्याचा बर्फ झाला तर झडप अडकू शकते. युरोपीय मानक ईएन १२०२१ नुसार २०० बारच्या सिलिंडरमध्ये दर घनमीटर हवेत ५० मिलिग्रॅमपर्यंतच ओलावा चालतो. आपल्या फुफ्फुसातली हवा मात्र ३७ अंशांना बाष्पाने पूर्ण भरलेली असते, म्हणजे घनमीटरला सुमारे ४४ ग्रॅम पाणी. सिलिंडरच्या हवेत याचा जेमतेम हजारावा भाग असतो.

ही तफावत प्रत्येक श्वासाला कोणीतरी भरून काढायची असते. एरवी ते काम नाक करतं. आत जाणारी हवा नाकात ओली आणि ऊबदार होते, बाहेर येताना त्यातली थोडी वाफ नाकातच परत जमा होते. डायव्हिंगमध्ये नाक मास्कमध्ये बंद असतं. सगळा भार जीभ, टाळू आणि घशावर येतो, आणि त्यांच्याकडे तशी सोयच नाही. अंगात पाणी काठोकाठ असलं तरी वारा लागलेलं ओलं फडकं जसं सुकतं तसा घशाचा वरचा थर सुकतो. पोटातलं पाणी तिथे लगेच पोचत नाही.

आता श्वासावाटे एकूण पाणी किती जातं तेही बघू. निवांत डायव्हर मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. तासाभरात झाले ९०० ते १२०० लिटर. दर हजार लिटरला ४४ ग्रॅम धरले तर सगळं मिळून ४०-५० मिलिलिटर. तीन-चार मोठे चमचे! घसा एवढा बोंबलतो म्हणून आपल्याला वाटतं की लिटरभर पाणी गेलं, प्रत्यक्षात तसं काही होत नाही.

खरं पाणी जातं दुसरीकडून. अंग पाण्यात बुडालं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, साधारण अर्धा ते पाऊण लिटर. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीर याचा अर्थ असा लावतं की रक्त जास्त झालंय. पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी होतं, पाणी सोडायला लावणारं वाढतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पाणी गार असेल तर कातडीकडचं रक्तही आत येतं आणि जोर आणखी वाढतो. एरवी तासाला ५०-१०० मिलिलिटर लघवी तयार होते, पाण्यात तिच्या काही पट. त्यात भर म्हणजे पाण्यात असताना तहानेची जाणीवही मंदावते.

म्हणजे जिथून पाणी फारसं जात नाही तो घसा ओरडत असतो, आणि जिथून खरोखर जातं तिथलं काही कळतच नाही. घशावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज बांधणं म्हणूनच फसवं आहे.

इथल्या जाणत्या मंडळींनी भर घालावी, कुठे पटलं नाही तर तेही सांगावं.

भरतीओहोटी

आकडे मांडून समजावलंत हे फार आवडलं. एक शंका. ३० मीटरवर सिलिंडर पृष्ठभागापेक्षा चौपट वेगाने संपतो. मग घशातून जाणारं पाणीही चौपट व्हायला हवं ना?

दर्यावर्दी

@भरतीओहोटी, शंका रास्त आहे, पण तसं होत नाही. ३० मीटरवर दाब ४ बार, त्यामुळे एका श्वासात हवेचे रेणू चौपट असतात. श्वासाचं आकारमान मात्र तेवढंच, दीड-दोन लिटर. तेवढ्या जागेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरतं, दाबावर नाही. ३७ अंशांना लिटरला ४४ मिलिग्रॅम, मग तुम्ही ५ मीटरवर असा की ३० वर.

खोलीबरोबर वाढतं ते ऊब जाणं. दाट हवा गरम करायला जास्त उष्णता लागते. खोल आणि गार पाण्यात घसा जास्त झोंबतो तो यामुळे, कोरडी हवा आणि गार हवा दोन्ही एकदम.

पहिलीबुडी

माझं प्रशिक्षण सुरू आहे. मला नेमका हाच त्रास होतो. कारण समजलं, पण पाण्याखाली असताना करायचं काय? खोकला आला की रेग्युलेटर तोंडातून निसटेल या भीतीने श्वास आणखी जोरात होतो.

गुरुत्वमध्य

@पहिलीबुडी, मी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर किंवा त्याहून जास्त हवा ओढतो. तेवढी कोरडी हवा तेवढ्याच जोराने घशावर आदळते. श्वास संथ झाला की घशाचा त्रास निम्मा तिथेच कमी होतो.

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, टाळूला हलकेच टेकवून ठेवा. रेग्युलेटरमधून येणारी हवा मग थेट घशाच्या मागच्या भिंतीवर न जाता जिभेच्या दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन जाते आणि वाटेत थोडी ओली होते. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. जमिनीवर, सोफ्यावर बसून रेग्युलेटरशिवायच तोंडाने श्वास घेत सराव करा. अंगवळणी पडलं की पाण्यात लक्षही द्यावं लागत नाही.

थोड्या थोड्या वेळाने जीभ गालांच्या आतून फिरवा, लाळ सुटते. ती गिळा. माउथपीस दातांनी करकचून चावू नका. जबडा आवळला की लाळ गिळणं अवघड होतं आणि वर आल्यावर कानशिलं दुखतात ते निराळंच. ओठांनी धरायचं, दातांनी नुसतं टेकू द्यायचं.

आता खोकला. रेग्युलेटरमध्ये बिनधास्त खोकता येतं. उच्छ्वासाची झडप त्यासाठी पुरेशी मोठी असते. एका हाताने सेकंड स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा तोंडातला भाग, तोंडाशी धरून ठेवा, खोका, गिळा, मग हळू श्वास घ्या. बडीला (जोडीदार डायव्हरला) थांबायची खूण करा आणि आहे त्याच खोलीवर राहा. उबळीच्या भरात वर पळायचं नाही, आणि वर जाताना श्वास तर कधीच रोखायचा नाही. आमच्याकडे विद्यार्थ्यांना उथळ पाण्यात मुद्दाम खोकायला लावतो. एकदा करून पाहिलं की भीती जाते. तुमच्या इन्स्ट्रक्टरला सांगा, कोणीही नाही म्हणणार नाही.

एक बजावून सांगतो. संथ श्वास म्हणजे श्वास अडवून ठेवणं नव्हे. हवा वाचवायला किंवा घसा वाचवायला प्रत्येक श्वासानंतर थांबलात तर कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं ठणकतं आणि खोलीवर नायट्रोजनची नशाही जास्त चढते. आत सावकाश, बाहेर त्याहून सावकाश, मध्ये खंड नाही.

खाडीकाठ

मी एक युक्ती वापरतो. सेकंड स्टेजमध्ये चमचाभर पाणी ओठाच्या कडेने आत येऊ द्यायचं. श्वास त्यावरून जातो आणि ओला होऊन येतो. घसा अजिबात सुकत नाही. जुने डायव्हर हे करताना मी पाहिलेत.

झडप

@खाडीकाठ, रेग्युलेटर दुरुस्त करणं हे माझं काम आहे. तुमच्या युक्तीला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि विशेषतः या धाग्यावर नवशिके वाचत असताना.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यावरून जोरात हवा गेली की खारट तुषार तयार होतात आणि तेच आत ओढले जातात. घशाला ओलावा मिळाल्यासारखं क्षणभर वाटतं, मागून मीठच घशाच्या अस्तरातलं पाणी शोषून घेतं. तुषार खाली फुफ्फुसापर्यंत गेले तर त्रास मोठा आहे. ऑस्ट्रेलियाच्या कार्ल एडमंड्स यांनी १९७० मध्ये नौदलातल्या डायव्हर्सच्या अशा आजाराचं वर्णन केलं होतं: डाइव्हनंतर काही वेळाने खोकला, थंडी वाजणं, ताप, अंग मोडून येणं, दम लागणं. फ्लू झाल्यासारखं वाटतं आणि पुष्कळदा बरंही होतं, पण सौम्यच राहील याची खात्री नसते.

आणि याच कारणाने आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. ‘घसा कोरडा पडतो’ म्हणून येणाऱ्या काही जणांचा घसा कोरडा नसतोच, खारावलेला असतो. रेग्युलेटर कुठेतरी झिरपत असतो आणि माणूस तासभर बारीक खारट धुकं ओढत असतो. तोंडात चव खारट लागत असेल, डोकं खाली केलं की श्वासात पाण्याची गुरगुर येत असेल, तर पाणी पिऊन किंवा जीभ टाळूला लावून काही होणार नाही. रेग्युलेटर तपासा.

खाडीकाठ

@झडप, तुषारांचा हा विचार मी केला नव्हता. मला आजवर त्रास झाला नाही, पण नवशिक्यांसाठी हा सल्ला नसावा हे पटलं. गोड्या पाण्यात तरी चालेल का?

झडप

मीठ नसेल, पण चमचाभर पाणी चुकीच्या क्षणी घशात गेलं तर ठसका तोच लागतो. तळ्यांच्या, खाणींच्या पाण्यात जंतू असतात ते वेगळं. ओलावाच हवा असेल तर त्यासाठी बनवलेली साधनं आहेत. काही सेकंड स्टेजमध्ये आत बारीक पात्यांची रचना असते. उच्छ्वासातली वाफ गार पात्यांवर दवासारखी जमते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत मिळते. फरक थोडा पडतो, पण जाणवतो. डाइव्हच्या सुरुवातीला पाती कोरडी असतात, त्यामुळे पहिली काही मिनिटं सोडून द्यायची.

सागरिका

खूप गरजेचा धागा. मला दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचं आहे, कारण त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही.

बऱ्याच बायका डाइव्हच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कारण एकच: छोट्या बोटीवर शौचालय नसतं. पुरुषांची कशीही सोय होते. आम्ही अंगाला चिकटलेल्या वेटसूटमध्ये चार-पाच तास काढायचे असतात. मग तहान मारली जाते. ऊन, सूटमधला घाम, वर पाण्यातली ती वाढलेली लघवी, आणि दुपारी डोकं धरून बसायचं. ‘भरपूर पाणी प्या’ म्हणणाऱ्याने आधी बोटीवर सोय काय आहे ते सांगायला हवं. बुकिंग करतानाच विचारावं असं मी प्रत्येक मैत्रिणीला सांगते.

आणि दुसरं, वेटसूटमध्ये लघवी करणं यात लाजण्यासारखं काही नाही. निरोगी माणसाच्या लघवीने सूटचं किंवा तुमचं काही बिघडत नाही. पाण्यातच सूटची मान पुढे ओढून आत पाणी घ्यायचं, हलवायचं, वर आल्यावर गोड्या पाण्याने सूट धुवायचा. लघवी तासभर दाबून ठेवली तर चित्त पाण्याखालच्या कशातच लागत नाही. सूट भाड्याचा असेल तर तो तिथे कसा धुतात ते विचारून घ्यावं. ड्रायसूटवाल्यांचं (आत पाणी न शिरणारा सूट) मात्र वेगळं आहे, तिथे पी-व्हॉल्व्ह (लघवी बाहेर सोडणारी झडप) किंवा डायपर लागतो.

भरतीओहोटी

@सागरिका, सहमत. माझी बहीण याच कारणाने दुसरी डाइव्ह सोडते. तिला हा धागा पाठवतो.

ओंजळ

मी डॉक्टर आहे आणि डायव्हिंगही करते. दर्यावर्दींनी घसा आणि शरीर वेगळं केलं ते योग्यच. वैद्यकीय बाजूने भर घालते.

बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या लाळ आटवतात. डायफेनहायड्रामीन, मेक्लिझीन, सिनारिझीन, कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी, सगळ्यांत हा गुण आहे, पट्टीत सर्वांत जास्त. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिननेही तोंड सुकतं. अशा माणसाला पाणी पाजून घसा ओला होत नाही, कारण लाळग्रंथींनाच औषधाने आवर घातलेला असतो. गोळी बंद करा असं मी म्हणत नाही. उलट्या होऊ लागल्या तर पाणी कितीतरी पटीने जास्त जाईल. पण नवीन गोळी पहिल्यांदा डाइव्हच्या दिवशी घेऊ नका. आधी घरी घेऊन झोप किती येते, तोंड किती सुकतं ते पाहा, आणि आपल्या डॉक्टरांना डायव्हिंगबद्दल सांगा.

दम्याचा इतिहास असलेल्यांनी हा भाग नीट वाचा. कोरडी आणि गार हवा हीच श्वासनलिका आवळण्याचं एक मोठं कारण आहे. व्यायामाने दमा चढतो तोही बराचसा यामुळेच. पाण्याखाली कोरडी हवा, श्रम आणि थंडी तिन्ही एकत्र येतात. घसा सुकला म्हणून आलेला खोकला आणि छाती आवळून आलेला खोकला यांत फरक आहे. छातीत घट्टपणा, शिट्टीसारखा आवाज, श्वास सोडायला जड जाणं, यांपैकी काही असेल तर डाइव्ह शांतपणे संपवा आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरकडून तपासणी होईपर्यंत पुन्हा पाण्यात जाऊ नका.

पहिलीबुडी

@ओंजळ, आम्हाला वर्गात सांगितलं की पाणी कमी प्यायलं की बेंड्स (डीकम्प्रेशन सिकनेस, वर येताना अंगात बुडबुडे होऊन येणारा आजार) होतात. हे कितपत खरं?

ओंजळ

@पहिलीबुडी, थोडं खरं आहे, पण ज्या ठामपणे सांगितलं जातं तेवढं नाही.

२००६ मध्ये डुकरांवर झालेल्या एका प्रयोगात पाणी तोडून आणि लघवी वाढवणारं औषध देऊन कोरड्या केलेल्या प्राण्यांना गंभीर डीकम्प्रेशन सिकनेस जास्त झाला. २००९ मध्ये फ्रान्समधल्या ८ लष्करी डायव्हर्सनी ३० मीटरवर ३० मिनिटांची डाइव्ह दोनदा केली, एकदा काही न पिता आणि एकदा आधी १३०० मिलिलिटर मीठ-साखरेचं पेय पिऊन. पिऊन केलेल्या डाइव्हनंतर रक्तातले बुडबुडे कमी दिसले. म्हणजे पाण्याचा संबंध आहे. पण पहिल्यात प्राण्यांना मुद्दाम फार कोरडं केलं होतं, दुसऱ्यात माणसं फक्त ८ होती, आणि बुडबुडे दिसणं म्हणजे आजार होणं नव्हे.

बेंड्स ठरतात ते मुख्यतः किती खोल गेलात, किती वेळ राहिलात आणि किती वेगाने वर आलात यावर. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर न येणं आणि ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, हे आधी. पाणी त्याच्या नंतर. मला काळजी वाटते ती उलट्या समजुतीची: मी भरपूर पाणी प्यायलोय, म्हणजे मला काही होणार नाही. तसंच कोणाला बेंड्स झाले की ‘पाणी प्यायला नसशील’ म्हणून त्यालाच बोल लावणंही अन्यायाचं आहे. नियम पाळूनही बेंड्स होतात.

अती पाणी पिण्याबद्दलही सांगते. पाण्यात उतरल्यावर छातीत आधीच जास्त रक्त जमलेलं असतं. त्याच्या तोंडावर लिटर-दीड लिटर पाणी पिणं फुफ्फुसांवर ताण वाढवू शकतं. पाण्यात असताना फुफ्फुसांत पाणी उतरण्याचा एक आजार आहे. रक्तदाब जास्त असलेल्यांना आणि पन्नाशीपुढच्यांना त्याचा धोका अधिक. दम लागणं, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, खोकला ही त्याची लक्षणं. त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे पाण्याच्या बाबतीत मानू नये.

दर्यावर्दी

@ओंजळ, मनापासून आभार. यातलं मला मांडायचं होतं, पण इतक्या अधिकाराने मांडता आलं नसतं.

यावरून ‘कधी प्यायचं’ या प्रश्नाकडे येतो. आदल्या दिवसापासून नेहमीसारखं, अंतराअंतराने. मद्य टाळायचं, कारण त्याने लघवी वाढते आणि झोपही नीट लागत नाही. सकाळी उठल्यावर एक-दोन पेले. उतरण्याआधी तासभर मोठा घोट नाही, फक्त तोंड ओलं करण्यापुरतं. वर आल्यावर पेलाभर, दोन डाइव्हच्या मधल्या वेळात आणखी थोडं थोडं. कॉफीची सवय असलेल्याने नेहमीचा कप घ्यायला हरकत नाही. तेवढ्याने अंगातलं पाणी आटत नाही, उलट कॉफी बंद केल्याने डोकं दुखेल.

कडक उन्हात मात्र गणित बदलतं. जाड वेटसूट घालून डेकवर बसलेला माणूस तासाला लिटरभरसुद्धा घाम गाळू शकतो. श्वासावाटे जाणाऱ्या त्या ५० मिलिलिटरच्या वीसपट! म्हणून मला सगळ्यांत परिणामकारक उपाय वाटतो तो पाण्याच्या बाटलीचा नाहीच: सावलीत बसा आणि सूट शेवटच्या क्षणी चढवा. ब्रीफिंग ऐकताना सूट कमरेपर्यंतच ठेवा. उशीर होणार असं कळलं तर डोक्यावर, मानेवर पाणी ओता.

लांबपल्ला

लांब डीकम्प्रेशनच्या (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं अशा) डाइव्ह करणाऱ्यांसाठी लिहितो. दोन-तीन तास पाण्यात काढायचे असतील तर पाण्याखाली पिणं नेहमीचंच आहे. मऊ पिशवी, तोंडाला दाबून उघडायची झडप. बाटली नको, कारण कडक बाटलीत पाणी ओढल्यावर जागा भरायला बाहेरचं पाणी शिरतं. रेग्युलेटर काढायचा, पिशवी ओठांत धरून दाबायची, एक छोटा घोट, रेग्युलेटर परत आणि त्यातलं पाणी बाहेर फुंकायचं. हवा गिळली जाणार नाही हे पाहायचं, ती वर येताना पोटात फुगते. नवशिक्यांनी पन्नास मिनिटांच्या डाइव्हसाठी हे करण्याची गरज नाही.

रिब्रीदरवर हा घशाचा प्रश्नच जवळजवळ नसतो. तुमचीच हवा फिरत राहते, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या क्रियेतून ऊब आणि पाणी दोन्ही तयार होतं. हवा ओली आणि कोमट येते. लघवीची गोष्ट मात्र तिथेही तीच, उलट वेळ जास्त म्हणून जास्तच. रिब्रीदर घेणारे काही जण घसा सुकत नाही म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करतात. या धाग्याचा मुद्दा त्यांना तंतोतंत लागू आहे.

भरतीओहोटी

पूर्ण चेहऱ्याचा मास्क लावला तर नाकाने श्वास घेता येतो. मग घसा सुकायला नको?

लांबपल्ला

बरोबर. नाकातून श्वास गेला की फरक लगेच कळतो. पण त्या मास्कचं वेगळं प्रशिक्षण लागतं, पाणी काढणं आणि हवा वाटून घेणं दोन्ही वेगळ्या पद्धतीने करावं लागतं. फक्त घशासाठी म्हणून घेऊ नये.

सागरिका

अंगात पाणी पुरेसं आहे का हे लघवीच्या रंगावरून ओळखायचं असं सगळीकडे वाचते. डाइव्हनंतर माझी लघवी नेहमी अगदी पाण्यासारखी असते. म्हणजे सगळं ठीक?

ओंजळ

@सागरिका, चांगला प्रश्न, आणि इथेच बरेच जण फसतात. डाइव्हनंतर लगेचचा रंग ग्राह्य धरू नका. पाण्यात मूत्रपिंडं पाणी सोडतच असतात, त्यामुळे अंगात पाणी कमी झालेलं असतानाही लघवी फिकट येते. सकाळी उठल्यावरचा किंवा पाण्याबाहेर येऊन दोन-तीन तासांनंतरचा रंग पाहा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी आहे. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर लघवी तशीही गडद पिवळी होते, तेव्हा रंगाचा उपयोग नाही.

उलट्या, जुलाब किंवा दिवसभर घाम झाला असेल तर नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस घ्या. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पाकीट मिसळायचं, अंदाजाने नाही. आणि असा दिवस गेल्यावर दुसऱ्या दिवशीची डाइव्ह सोडून द्या.

पाण्याबाहेरही तोंड सतत कोरडं, तहान भागतच नाही, रात्री लघवीला पुन्हा पुन्हा उठावं लागतं असं असेल तर डायव्हिंगला दोष न देता रक्तातली साखर तपासून घ्या.

पहिलीबुडी

आज तलावात सराव होता. जीभ टाळूला लावून पूर्ण वेळ काढला, दोनदा मुद्दाम खोकून पाहिलं. @गुरुत्वमध्य, खरंच काही होत नाही! मनापासून आभार.

@झडप, माझा रेग्युलेटर भाड्याचा आहे. तो झिरपतो का हे मला स्वतःला बघता येईल का?

झडप

येईल, आणि दर वेळी बघावं. रेग्युलेटर सिलिंडरला जोडा, पण सिलिंडरची झडप बंद ठेवा. नळीत दाब असेल तर पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबून सोडून द्या. आता माउथपीस तोंडात घेऊन हळूच हवा ओढा. काहीच आलं नाही पाहिजे, ओठांना खेच जाणवली पाहिजे आणि ती टिकली पाहिजे. हवा येत राहिली तर कुठेतरी फट आहे. ऑक्टोपसचंही (जादा सेकंड स्टेजचंही) असंच करा, तो सगळे विसरतात.

फट बहुधा तीनच ठिकाणी असते. माउथपीस दातांजवळ किंवा पट्टीखाली फाटलेला असतो, तो जरा ओढून, वाकवून पाहिला की दिसतो. उच्छ्वासाच्या झडपेखाली वाळूचा कण, केस किंवा मिठाचा खडा अडकलेला असतो, तो गोड्या पाण्यात हलवून धुतला की बहुतेक वेळा जातो. धुताना पर्ज दाबू नका, नाहीतर पाणी नळीत शिरेल. आणि पुढच्या झाकणाखालचा पडदा चिरलेला किंवा सरकलेला असेल तर तो तुम्ही उघडू नका. रेग्युलेटर परत द्या आणि दुसरा मागा. दुसरा घेतल्यावर तोही असाच ओढून बघा.

हे झालं की सिलिंडर उघडून एक-दोन श्वास घ्या आणि वास, चव बघा. हवा चांगली असेल तर ती कोरडी लागते, पण तिला वास नसतो. तेलकट, जळकट वास आला तर त्या सिलिंडरने उतरू नका, आणि त्याच कॉम्प्रेसरवर भरलेल्या इतर सिलिंडरबद्दलही बाकीच्यांना सांगा. ईएन १२०२१ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा फक्त ५ पीपीएम आहे आणि त्याला स्वतःचा वास नसतो. धुराचा वास हीच काय ती सूचना मिळते, तीही दर वेळी नाही.